उकळून न जाणारे विष: भूजलातील नायट्रेट आणि विजेचा उपाय

या शाळेत आम्ही अनेक वर्षे विज्ञान शिकवीत आलो आहोत. पाण्याचा धडा आला की फळ्यावर एक वाक्य ठरलेले असे: 'पाणी गाळून, उकळून प्यावे.' शेकडो मुलामुलींनी ते वहीत उतरवून घेतले, परीक्षेत लिहिले, गुण मिळविले आणि घरी जाऊन आईवडिलांनाही सांगितले. पटकी, कावीळ, हगवण यांनी गावेच्या गावे आजारी पडत असत, त्या काळात या वाक्याने कित्येकांचे प्राण वाचविले असतील. ते आजही खोटे ठरलेले नाही. मात्र ते अपुरे आहे, हे आम्हास एका माजी विद्यार्थ्याने शिकविले.

गेल्या उन्हाळ्यात तो शाळेत भेटावयास आला. घरी दोन महिन्यांचे बाळ. आईचे दूध पुरत नव्हते म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने भुकटीचे दूध सुरू केलेले. पाणी घरामागच्या बोअरचे. त्याच्या हातात पाण्याच्या तपासणीचा अहवाल होता आणि त्यात 'नायट्रेट' या शब्दापुढे मर्यादेच्या दुपटीहून मोठा आकडा होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही शिकविले तसेच करतो. बाळाचे पाणी चांगले वीस मिनिटे उकळतो. मग काळजी नाही ना?"

त्याला उत्तर देताना आमचा आवाज क्षणभर अडला. कारण उकळल्याने पाण्याची वाफ होते, नायट्रेटची होत नाही. लिटरमागे ९० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर उरले, तर त्यात लिटरमागे १२० मिलिग्रॅम नायट्रेट होते. आमचा विद्यार्थी मोठ्या मायेने आणि शिस्तीने बाळाचे पाणी अधिक वाईट करीत होता, आणि ती शिस्त आम्हीच त्याला लावली होती. त्या दिवसापासून बाळासाठी दुसरे, तपासलेले पाणी आणले गेले. बाळ सुखरूप आहे. पण आमचा धडा पुरा करण्याचे काम राहिले होते. प्रस्तुत लेख हा त्याचाच प्रयत्न होय.

हवेतून विहिरीपर्यंत

नायट्रेट म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे तीन अणू यांचा ऋणभारित समूह. त्याला रंग नाही, वास नाही आणि विहिरीत आढळते त्या प्रमाणात चवही नाही. पाणी गढूळ होत नाही, भांड्यावर डाग पडत नाही. क्षारांनी जड झालेले पाणी जिभेला कळते, लोह असलेले पाणी डोळ्यांना दिसते. नायट्रेट मात्र प्रयोगशाळेतच कळते.

हा नायट्रोजन मूळचा हवेतला. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात की पिकांना तो थेट घेता येत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ च्या सुमारास तीव्र दाब, उच्च तापमान आणि उत्प्रेरक यांच्या साहाय्याने तो बंध तोडून अमोनिया बनवून दाखविला. कार्ल बॉश यांनी १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. आपल्या शेतात पडणाऱ्या युरियाची जन्मकथा ही अशी आहे. या शोधाने जगाची भूक भागविली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

पण पीक टाकलेला सगळा युरिया घेत नाही. मातीत युरियाचा अमोनियम होतो आणि मातीतील जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. अमोनियमवर धन भार असतो, चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे अमोनियम मातीला चिकटून राहतो. नायट्रेटवरील भार मातीसारखाच ऋण असल्याने माती त्याला धरून ठेवीत नाही. पाऊस पडला किंवा पाट सोडला की ते पाण्याबरोबर खाली उतरते. शेताखेरीज इतरही वाटा आहेत: विहिरीलगतचा उकिरडा, गोठ्यातील मूत्र, गळकी संडासाची टाकी, शोषखड्डा, उघडे गटार. जेथे नायट्रोजन कुजतो तेथे शेवटी नायट्रेट तयार होते.

याचे प्रमाण ध्यानात यावे म्हणून एक साधा हिशेब मांडतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीत २०.७ किलो नायट्रोजन. एक किलो नायट्रोजनपासून सुमारे ४.४ किलो नायट्रेट होते आणि तेवढे नायट्रेट सुमारे ९८ हजार लिटर शुद्ध पाण्याला पिण्याच्या कमाल मर्यादेपर्यंत आणून ठेवण्यास पुरते. गोणीतील दहावा हिस्सा जरी खाली झिरपला, तरी दोन लाख लिटर पाण्याचे भांडे काठापर्यंत भरले असे समजावे.

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग बेसाल्टच्या काळ्या खडकाचा. या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. साठा थोडा असतो, आणि थोड्या पाण्यात पडलेली घाण पातळ होण्यास वाव कमी मिळतो. केंद्रीय भूजल मंडळाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार देशातील सुमारे २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होते. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. ज्या १५ जिल्ह्यांत ही समस्या सर्वांत गंभीर असल्याचे अहवाल सांगतो, त्यांपैकी सात आपल्या राज्यातील आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मूळ गावे याच जिल्ह्यांत आहेत, म्हणून ही नावे येथे मुद्दाम देत आहोत.

बाळ निळे का पडते

१९४५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यातील डॉ. हंटर कॉम्ली यांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. शेतवाडीवरील काही तान्ही बाळे निळसर पडत होती, आणि त्यांच्या दुधात मिसळले जाणारे विहिरीचे पाणी नायट्रेटने भरलेले होते. या आजाराला पुढे 'निळ्या बाळाचा आजार' असे नाव पडले. शास्त्रीय भाषेत तो मेथेमोग्लोबिनेमिया होय.

घडते ते असे. शरीरातील जीवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहाचे ऑक्सिडीकरण करते. असे लोह ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. मोठ्या माणसाच्या रक्तातील एक विकर हे बिघडलेले हिमोग्लोबिन सतत दुरुस्त करीत असते. सहा महिन्यांच्या आतील बाळात ते विकर पुरेसे नसते. शिवाय त्याच्या जठरातील आम्लता कमी असते, त्यामुळे जीवाणूंना मोकळे रान मिळते. भुकटीच्या दुधावर वाढणारे बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट पाणी पिते, हे तिसरे कारण. ओठ, नखे निळसर दिसू लागली तर क्षणाचाही विलंब न लावता बाळाला रुग्णालयात नेले पाहिजे. यावर उपचार आहेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका फारसा नसतो, कारण आईने प्यालेले नायट्रेट दुधात साठून उतरत नाही.

भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा घातली आहे आणि तिच्यात सवलत ठेवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० मिलिग्रॅमची आहे. मोठ्या माणसांविषयीही शास्त्रज्ञ निश्चिंत नाहीत. शरीरात नायट्राइटपासून कर्करोगजनक संयुगे तयार होऊ शकतात, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अशा परिस्थितीत पोटात जाणाऱ्या नायट्रेटला 'संभाव्य कर्करोगजनक' गटात ठेवले आहे.

बाजूला काढणे आणि नाहीसे करणे

नायट्रेट काढण्याच्या रूढ रीती तीन आहेत. पहिली, आपल्या परिचयाची आर. ओ. यंत्रे. यांत पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते, क्षार मागे राहतात. दुसरी, आयन-विनिमयाची. यात रेझिनचे मणी नायट्रेट पकडून त्याबदली क्लोराइड सोडतात, आणि मणी भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. तिसरी, जीवाणूंची. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत काही जीवाणू नायट्रेटमधील ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात. यासाठी त्यांना खाद्य म्हणून कार्बनी पदार्थ द्यावा लागतो, तापमान सांभाळावे लागते आणि नंतर पाणी पुन्हा निर्जंतुक करावे लागते.

यांपैकी पहिल्या दोन रीती नायट्रेट नाहीसे करीत नाहीत, फक्त बाजूला काढतात. लिटरमागे ९० मिलिग्रॅम नायट्रेटचे १०० लिटर पाणी आर. ओ. यंत्रात गेले आणि त्यातून १० मिलिग्रॅमचे ४० लिटर चांगले पाणी मिळाले असे धरू. उरलेल्या ६० लिटर टाकाऊ पाण्यात आता लिटरमागे सुमारे १४३ मिलिग्रॅम नायट्रेट आहे. ते पाणी कोठे जाते? यंत्रामागच्या नालीत, नालीतून जमिनीत, जमिनीतून पुन्हा विहिरीत. ज्याच्या घरी यंत्र आहे त्याचा पेला शुद्ध होतो आणि ज्याच्या घरी यंत्र नाही त्याची विहीर आणखी बिघडते. आमच्या मते पाणी शुद्ध करणाऱ्या कोणत्याही यंत्राला विचारावयाचा पहिला प्रश्न हाच आहे: काढलेले गेले कोठे?

विजेची रीत या प्रश्नाला वेगळे उत्तर देऊ पाहते. ती नायट्रेटचा रेणूच मोडते.

दोन पट्ट्या आणि एक विद्युतप्रवाह

दहावीच्या प्रयोगशाळेत आपण पाण्याचे विद्युत अपघटन पाहिलेले आहे. दोन विद्युताग्रे पाण्यात बुडविली, बॅटरी जोडली आणि दोन्हींवर बुडबुडे आले. ऋणाग्रावर इलेक्ट्रॉन दिले जातात, त्याला क्षपण म्हणतात. धनाग्रावर इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात, त्याला ऑक्सिडीकरण म्हणतात. किती वीज वाहिली म्हणजे किती पदार्थ बदलेल, याचे नियम मायकेल फॅरेडे यांनी १८३० च्या दशकात मांडले. लोहाराचा हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना बांधावयास आलेली पुस्तके वाचून शास्त्रज्ञ झाला, हे आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही दर वर्षी सांगतो.

नायट्रेटच्या बाबतीत मुख्य काम ऋणाग्रावर चालते. नायट्रेटला दोन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा एक ऑक्सिजन सुटतो आणि नायट्राइट होते. एकूण पाच इलेक्ट्रॉन मिळाले आणि दोन नायट्रोजन एकत्र आले, तर नायट्रोजन वायू होतो आणि बुडबुड्याच्या रूपाने हवेत परत जातो. आठ इलेक्ट्रॉन मिळाले तर अमोनिया होतो. कारखान्यात प्रचंड दाबाखाली हवेतून ओढून आणलेला नायट्रोजन शेत, माती, विहीर असा प्रवास करून पुन्हा हवेत सोडावयाचा, हा या रीतीचा आदर्श होय.

आदर्श आणि व्यवहार यांत अंतर आहे. अनेक धातूंच्या ऋणाग्रांवर नायट्रोजन वायूपेक्षा अमोनियाच अधिक तयार होतो. तांबे नायट्रेटचे नायट्राइट करण्यात तरबेज आहे, पण त्यापुढील वाटेवर तेवढे भरवशाचे नाही. म्हणून शास्त्रज्ञ तांब्याबरोबर पॅलेडियम, कथिल यांसारखे धातू मिसळून पाहतात. लोखंड, टायटॅनियम, ग्राफाइट यांच्या पट्ट्याही वापरल्या जातात. ऋणाग्र कशाचे आहे यावर नायट्रेटचे शेवटी काय होणार हे पुष्कळ अंशी ठरते.

तयार झालेल्या अमोनियाची विल्हेवाट धनाग्राच्या साहाय्याने लावता येते. पाण्यात क्लोराइड असेल, म्हणजेच थोडे मीठ असेल, तर धनाग्रावर त्याचे क्लोरीन होते. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनते आणि ते अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून नायट्रोजन वायू मोकळा करते. म्हणजे एकाच टाकीत ऋणाग्र नायट्रेटचा अमोनिया करते आणि धनाग्र अमोनियाचा नायट्रोजन करते. यासाठी धनाग्र स्वतः न झिजणारे हवे. टायटॅनियमवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप दिलेल्या पट्ट्या मिठापासून क्लोरीन बनविणाऱ्या कारखान्यांत अनेक दशके वापरात आहेत. त्याच येथेही उपयोगी पडतात.

विजेने भूजल शुद्ध करण्याचा मार्ग महाराष्ट्राला अगदीच नवा नाही. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने फ्लोराइडयुक्त पाण्यासाठी सौरऊर्जेवर चालणारी विद्युत-अपघटनी संयंत्रे विकसित केली आहेत. तेथे ॲल्युमिनियमची पट्टी विजेने विरघळते, तिचा पांढरा साका तयार होतो आणि फ्लोराइड त्याला चिकटून खाली बसते. नायट्रेट अशा साक्याला नीट चिकटत नाही. म्हणून त्याला खाली बसविण्यापेक्षा मोडणेच इष्ट ठरते. मात्र सौर पट्ट्यांतून मिळणारा एकदिश प्रवाह थेट टाकीला देता येतो, हा धडा दोन्हीकडे सारखाच उपयोगी आहे.

अडचणींचा प्रामाणिक हिशेब

नव्या तंत्राची केवळ स्तुती करणे वाचकांशी न्यायाचे होणार नाही.

पहिली अडचण अर्धवट कामाची. लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट ४५ वर आणले आणि मोडलेल्या सगळ्या नायट्रेटचा अमोनियाच झाला, तर पाण्यात लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅम अमोनियातील नायट्रोजन येईल. भारतीय मानकाची मर्यादा ०.५ मिलिग्रॅमची आहे, म्हणजे सुमारे २५ पट. नायट्राइट राहिले तर ते अधिकच घातक, कारण निळ्या बाळाच्या आजारात प्रत्यक्ष काम तेच करते. अहवालात नायट्रेटचा आकडा उतरलेला दिसेल आणि पाणी मात्र आधीपेक्षा वाईट असेल, असे घडू शकते.

दुसरी अडचण क्लोरीनची. तेच अमोनिया नाहीसा करते आणि जंतूही मारते, पण धनाग्रावर फार वेळ राहिले तर क्लोरेट व परक्लोरेट तयार होतात. पाण्यात सेंद्रिय पदार्थ असतील तर क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगेही होतात. शेवटी कोळशाच्या गाळणीसारखी आणखी एक पायरी ठेवावी लागते, आणि तीही सर्व उपपदार्थांवर सारखी चालत नाही.

तिसरी अडचण आपल्या खडकाची. बेसाल्टमधील पाणी बहुधा जड असते. ऋणाग्राजवळ पाणी अल्कधर्मी होते, त्यामुळे कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तेथेच जमतात. चहाच्या पातेल्यात बसतो तसा पांढरा थर पट्टीवर बसतो आणि वीज अडवितो. ठराविक वेळाने प्रवाहाची दिशा उलटी करणे किंवा पट्टी सौम्य आम्लाने धुणे, हे त्यावरील उपाय होत. दोन्ही गोष्टी कोणीतरी नेमाने केल्या पाहिजेत, आणि दिशा उलटी करावयाची तर पट्ट्याही ते सोसणाऱ्या हव्यात.

चौथी अडचण मोठी गमतीची आहे. नायट्रेटवर ऋण भार, ऋणाग्रही ऋण. दोघे एकमेकांना दूर लोटतात. ज्या पट्टीवर नायट्रेटने जावयाचे तीच त्याला ढकलते. त्यातच पाणी स्वतःही इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजनचे बुडबुडे सोडते आणि विजेचा मोठा वाटा त्यात खर्च होतो. पाण्यात नायट्रेट जितके विरळ, तितका हा अपव्यय अधिक.

विजेच्या खर्चाचा हिशेब फॅरेडेच्या नियमाने करता येतो. १००० लिटर पाण्यातील नायट्रेट १०० वरून ४५ वर आणावयाचे म्हणजे ५५ ग्रॅम नायट्रेट मोडावयाचे. आठ इलेक्ट्रॉनांच्या मार्गाने त्यास सुमारे १९० अँपिअर-तास विद्युतभार लागतो. टाकीला पाच व्होल्ट लागतात असे धरले तर जवळजवळ एक युनिट. विजेचा पाचवा हिस्साच खऱ्या कामी आला असे मानले तरी पाच युनिटे. एवढे पाणी दररोज २० लिटर घेणाऱ्या ५० कुटुंबांस पुरेल. म्हणजे एका कुटुंबामागे दररोज युनिटचा दहावा भाग. हा हिशेब कागदावरचा आहे. पाण्याची विद्युतवाहकता कमी असेल तर व्होल्ट आणि खर्च दोन्ही वाढतील. तरीही एवढे म्हणता येते की या रीतीत विजेचे बिल हा मोठा अडथळा नाही. खरा खर्च पट्ट्यांचा, तपासणीचा आणि देखभाल करणाऱ्या माणसाचा आहे.

मग या रीतीची योग्य जागा कोणती? आम्हास असे दिसते की ती थेट नळाच्या तोटीपाशी नाही. आर. ओ. किंवा आयन-विनिमयाने चांगले पाणी वेगळे करावे आणि मागे राहिलेले टाकाऊ पाणी विजेच्या टाकीत घ्यावे. त्या पाण्यात नायट्रेट दाट असते, क्षार भरपूर असल्याने वीज सहज वाहते आणि अमोनिया मोडण्यास लागणारे क्लोराइडही तेथे असते. विरळ पाण्यातील दोष या दाट पाण्यात बऱ्याच अंशी कमी होतात. शिवाय उपपदार्थ पिण्याच्या पाण्यात येत नाहीत. अमोनिया न मोडता वेगळा काढून त्याचे पुन्हा खत करावे, यावरही जगभर संशोधन चालू आहे. विहिरीतून निघालेले खत पुन्हा शेताला मिळावे, याहून सरळ न्याय कोणता?

यंत्राआधी आणि यंत्रानंतर

ज्या आयोवात डॉ. कॉम्लींनी निळी बाळे पाहिली, त्या राज्याची राजधानी डे मॉइन येथे नायट्रेट काढण्याचा मोठा आयन-विनिमय प्रकल्प १९९० च्या दशकाच्या आरंभापासून आहे. तरीही २०२५ च्या जून महिन्यात नद्यांतील नायट्रेट इतके चढले की त्या परिसरात अंगणातील हिरवळीस पाणी घालण्यावर बंदी आली. पैसा आणि तंत्रज्ञान यांची उणीव नसलेल्या प्रदेशाची ही कथा आहे. उगमाकडे लक्ष दिले नाही तर शेवटी बसविलेले यंत्र दमते, एवढाच तिचा अर्थ.

म्हणून आमच्या माजी विद्यार्थ्यांस आणि पालकांस काही गोष्टी आग्रहाने सांगावयाच्या आहेत.

आपल्या विहिरीचे अथवा बोअरचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ही सोय आहे. जल जीवन मिशनखाली गावोगावी दिलेल्या तपासणी-संचांनीही नायट्रेटचा अंदाज येतो आणि अनेक गावांत हे काम प्रशिक्षित महिला करीत आहेत. अहवाल हाती आला की केवळ 'पाणी पिण्यास योग्य' एवढ्यावर न थांबता नायट्रेटपुढील आकडा वाचावा. तो ४५ च्या वर असेल तर ते पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळास कोणत्याही रूपात देऊ नये, उकळून तर मुळीच नाही. गरोदर स्त्रीसाठीही दुसरे पाणी पाहावे. इतर वेळी जंतू मारण्यासाठी पाणी उकळण्याची सवय मात्र सोडू नये. दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगास असावा. विहिरीला कठडा आणि भोवती पक्का ओटा असावा. युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे विभागून द्यावा. मोठा पाऊस तोंडावर असताना तो टाकणे म्हणजे पैसे विहिरीत टाकणे होय. डाळवर्गीय पिकांचा फेरपालट जमिनीस नायट्रोजन देतो आणि युरियाची गरज घटवितो, हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते.

आणि कोणी विजेवर चालणारे चमत्कारी जलशुद्धी यंत्र विकण्यास दारी आला, तर त्यास चार प्रश्न विचारावे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्रेट किती? नायट्राइट किती? अमोनिया किती? काढलेले नायट्रेट गेले कोठे? चारही उत्तरे स्वतंत्र प्रयोगशाळेच्या कागदावर असतील तरच पुढे बोलावे. 'अल्कलाइन' पाण्याच्या नावाखाली विकली जाणारी यंत्रेही विजेचाच वापर करतात, परंतु ती नायट्रेट मोडण्यासाठी बनविलेली नसतात.

पाण्याच्या हक्कासाठी आपल्या माणसांनी काय सोसले, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगावयास नको. ओंजळीत आलेल्या पाण्यात काय विरघळले आहे हे जाणून घेणे, हा त्याच हक्काचा पुढचा भाग आहे.

आमच्या त्या विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील सर्व बोअरच्या पाण्याचे नमुने तपासणीस दिले आहेत, असे त्याने नुकतेच कळविले. या शैक्षणिक वर्षापासून आम्हीही फळ्यावरील ते जुने वाक्य बदलले आहे. आता मुले वहीत असे लिहून घेतात: 'पाणी आधी तपासावे. जंतूंसाठी उकळावे. नायट्रेट असल्यास बदलावे.' वाक्य थोडे लांबले, परंतु या वेळी ते पुरे आहे.